गणिताचा तास आणि सोसायटीचा ताळेबंद

आठवडी बाजारात आईबरोबर भाजीच्या पाटीमागे बसणारी मुलगी पावशेर-अडीच किलोचे हिशेब तोंडी करते. गिऱ्हाइकाने शंभराची नोट पुढे केली तर उरलेले पैसे न चुकता त्याच्या हातावर ठेवते. तीच मुलगी पुढे कॉलेजात जाते, वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्गात बसते, आणि फळ्यावर 'क्षची किंमत काढा' एवढे शब्द उमटले की मान खाली घालते. असे का व्हावे? दोन-चार वर्षांत तिची बुद्धी आटली असे तर कोणी म्हणणार नाही. मग आटले काय? माझ्या मते आटला तो प्रश्नातला जिव्हाळा. बाजारातल्या हिशेबाला मालक होता, गिऱ्हाईक होते, नफानुकसान होते, आणि चूक झाली तर 'अगं, दहा रुपये कमी दिलेस' असे सांगणारे माणूस समोर उभे होते. वर्गातल्या क्षला यांपैकी कोणीच नाही. तो बिचारा फळ्यावर एकटा, आणि मुलगी बाकावर एकटी.

कॉलेजातले गणित व्यापाराच्या आणि अर्थशास्त्राच्या प्रश्नांवरून, आणि तेही विद्यार्थ्यांनी चारचारांच्या गटात मिळून, कसे शिकता येईल, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. त्यासाठी मी तुम्हाला मुंबईच्या एका उपनगरात नेणार आहे. खेड्यातल्या श्रोत्यांनी बिचकू नये. तिथून परत आपल्या दूध संस्थेतच यावयाचे आहे.

चर्चगेटहून पश्चिम रेल्वेने बोरीवलीकडे निघालात म्हणजे मालाडनंतर कांदिवली स्टेशन लागते. पश्चिमेला उतरून खाडीच्या रोखाने गेलात की चारकोप. एका अंगाला तिवरांचे रान आणि खाडीचे पाणी, जवळच औद्योगिक वसाहत, आणि मधे सेक्टर एक, सेक्टर दोन अशा आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या वस्त्या. जुने चारकोप गाव वेगळे. हे नवे चारकोप कागदावर आखून, हिशेब करून वसवलेले आहे. १९८५ साली जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने मुंबई नागरी विकास प्रकल्प हाती घेण्यात आला. त्यात म्हाडाने चारकोप, गोराई, मालवणी अशा ठिकाणी एक निराळा मार्ग धरला. बांधलेले घर द्यावयाचे नाही. आखलेला भूखंड द्यावयाचा. रस्ता, पाणी, गटार यांची सोय करून द्यावयाची. आणि घर ज्याचे त्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे बांधावयाचे. काही भूखंड अगदी लहान, पंचवीस चौरस मीटरांच्या आसपासचे. शेजारशेजारच्या भूखंडधारकांनी मिळून सहकारी गृहनिर्माण संस्था काढावयाची आणि समाईक गोष्टींचा कारभार तिने पाहावयाचा.

आता यातला गणिताचा भाग ऐका. कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला लहान भूखंड खर्चापेक्षा कमी किमतीत द्यावयाचा, आणि ती तूट मोठे भूखंड व दुकानांच्या जागा चढ्या भावाने विकून भरून काढावयाची, अशी या योजनेची मूळ कल्पना होती. म्हणजे ज्याला जास्त परवडते त्याने थोडे जास्त द्यावे, ज्याला परवडत नाही त्याला थोडे कमी पडावे, आणि एकूण बेरीज मात्र शून्यावर यावी. ऐकायला धर्मादायासारखे वाटते. पण हे सरळ सरळ समीकरण आहे.

ते वर्गात कसे मांडावयाचे, ते पाहा. चारकोपचे खरे आकडे काय होते हे तूर्त बाजूला ठेवू. वर्गासाठी सोपे आकडे धरू. जमीन तयार करण्याचा खर्च चौरस मीटरला ४०० रुपये. लहान भूखंड २५ मीटरांचा, तो २५० रुपये भावाने द्यावयाचा. म्हणजे मीटरमागे तूट १५० रुपये, आणि भूखंडामागे ३,७५० रुपये. मोठा भूखंड ५० मीटरांचा, तो ५०० रुपये भावाने विकावयाचा. मीटरमागे शंभर रुपये वर, म्हणजे भूखंडामागे ५,००० रुपये. एकूण ७० भूखंड आहेत. लहान किती आणि मोठे किती ठेवले म्हणजे कोणाच्या खिशाला खार लागणार नाही?

चार विद्यार्थ्यांच्या गटाला हा प्रश्न द्या आणि दहा मिनिटे गप्प राहा. शिक्षकाला गप्प राहणे सर्वांत कठीण जाते, पण राहावे. कोणी अंदाजाने निम्मे-निम्मे धरील आणि ४३,७५० रुपये शिल्लक राहतात असे सांगेल. कोणी म्हणेल, तर मग लहान आणखी वाढवू या. असे करता करता चाळीस लहान आणि तीस मोठे या आकड्याशी गट पोचतो: चाळीस लहानांची तूट दीड लाख, तीस मोठ्यांची वाढ दीड लाख. मग शिक्षकाने हळूच विचारावे, 'एवढी खटपट न करता एका ओळीत हे काढता आले असते का?' तेव्हा फळ्यावर क्ष आणि य येतात, आणि आले तर त्यांचे स्वागत होते. कारण आता क्ष म्हणजे कोण हे ठाऊक आहे. क्ष म्हणजे पंचवीस मीटरांत घर बांधू पाहणारी कुटुंबे.

पण खरा तास इथून पुढे सुरू होतो. एक मुलगी म्हणते, 'सर, गरज तर लहान भूखंडांचीच जास्त आहे. साठ लहान ठेवू आणि दहाच मोठे.' ठीक आहे, करा हिशेब. साठ लहानांची तूट २,२५,००० रुपये. ती दहा मोठ्या भूखंडांवर वाटली तर प्रत्येकी २२,५००, म्हणजे मीटरला ४५० रुपये वर. मोठ्या भूखंडाचा भाव ८५० रुपये झाला. समीकरण म्हणते, बेरीज जुळली. तेवढ्यात दुसरा मुलगा विचारतो, 'पण साडेआठशेने घेणार कोण? त्या भावात दुसरीकडे तयार घर मिळत असेल तर?' आता वर्गात अर्थशास्त्र आले, मागणी आली, बाजार आला. समीकरणाने उत्तर दिले, पण उत्तर चालेल की नाही हे समीकरणाने सांगितले नाही. ते चौघांना वाद घालूनच ठरवावे लागते. गटाची गरज इथे आहे. कोरडे उदाहरण एकट्याने सोडवता येते. पण ज्या प्रश्नात एकाचे कमी म्हणजे दुसऱ्याचे जास्त, तो प्रश्न चौघांत मांडल्याशिवाय कळत नाही.

गणित आणि बाजार यांचे हे लग्न परदेशातून आयात केलेले आहे, अशी कोणाची समजूत असेल तर ती काढून टाकावी. भास्कराचार्यांनी इ. स. ११५०च्या सुमारास 'लीलावती' रचली. तिच्यात मिश्रव्यवहार म्हणून एक प्रकरणच आहे. मुद्दल आणि व्याज एकत्र दिले असता वेगवेगळे कसे काढावयाचे, भागीदारांनी कमीजास्त भांडवल घातले असता नफा कसा वाटावयाचा, असे प्रश्न त्यात आहेत. आणि त्याहून नवलाची गोष्ट आपल्या खानदेशात आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे शके ११२८चा एक शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, असे त्यात सांगितले आहे. आणि त्या मठाच्या खर्चासाठी पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचे काही उत्पन्न लावून दिले, तो मजकूर मराठीत कोरलेला आहे. म्हणजे गणिताची पाठशाळा बाजारातल्या खरेदीविक्रीवर चालत होती. आठशे वर्षांपूर्वी बाजाराने गणिताला पोसले. आज कॉलेजातल्या गणिताने बाजाराकडे पाठ फिरवावी, हे काही बरे नव्हे.

शिक्षकबंधू-भगिनींनो, आता चारकोपचे दुसरे उदाहरण घेतो. ते जरा लांबचे आहे आणि त्यात खरोखर काही तरी गमावण्यासारखे आहे.

मुंबई विद्यापीठाच्या बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला अनेक वर्षे गणिती व सांख्यिकी पद्धतींचा विषय होता. त्यात चक्रवाढ व्याज होते, वार्षिकी होती, विकलन होते. वार्षिकी म्हणजे दर वर्षी ठरावीक रक्कम बाजूला टाकीत गेले तर अमुक वर्षांनी किती जमेल, याचा हिशेब. हजारो विद्यार्थ्यांनी त्याचे सूत्र पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि विसरले. आणि त्यातल्या कितीकांच्या घरी, टेबलाच्या खणात, त्याच सूत्राचा जिवंत नमुना दरमहा येऊन पडत होता. तो म्हणजे सोसायटीच्या देखभालखर्चाचे बिल. त्या बिलात पाणी असते, सेवाशुल्क असते, दुरुस्ती निधी असतो आणि एक ओळ असते सिंकिंग फंडाची. इमारत कधी तरी जुनी होईल, मोठे काम निघेल, तेव्हासाठी हा राखीव निधी. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांसाठी २०१४ साली जे आदर्श उपविधी आले, त्यांत त्याचा दर बांधकामखर्चाच्या दरसाल किमान पाव टक्का असा आहे; जमिनीची किंमत त्यात धरावयाची नाही.

आता चारकोपसारख्या उपनगरातली पस्तीस घरांची एक इमारत धरा. पुन्हा सांगतो, आकडे शिकवण्यापुरते. बांधकामाला घरामागे एक लाख, म्हणजे एकूण पस्तीस लाख रुपये खर्च आला. पाव टक्का म्हणजे वर्षाला ८,७५० रुपये; प्रत्येक घराला वर्षाचे अडीचशे. हे पैसे दर वर्षाच्या अखेरीस बँकेत टाकले, त्यावर सात टक्के दराने चक्रवाढ व्याज मिळत गेले आणि तीस वर्षे कोणी हात लावला नाही. किती जमतील?

गटातला एक जण म्हणतो, 'तीस वर्षांचे अडीच लाखांच्या वर होतात, व्याज धरून चार लाख तरी होतील.' दुसरी म्हणते, 'चक्रवाढ आहे, जास्त होतील.' सूत्र लावतात. उत्तर येते सुमारे ८,२६,५०० रुपये. सगळे खूश! व्याजाने भरलेल्या पैशाचे तिपटीहून जास्त केले. चक्रवाढ व्याजाची ताकद पाठ्यपुस्तकात वाचून कळत नाही, ती अशी कळते.

मग शिक्षकाने दुसरा प्रश्न विचारावा. इमारत पुन्हा उभी करावयाची झाली तर त्या वेळी खर्च किती येईल? बांधकामाचा खर्चसुद्धा तीस वर्षे स्वस्थ बसलेला नाही. सिमेंट वाढले, लोखंड वाढले, मजुरी वाढली. वाढ दरसाल सहा टक्के धरली तर पस्तीस लाखांचे होतात दोन कोटी एक लाख. आणि हातात आहेत सव्वाआठ लाख. भागाकार करा. शंभरात चार. चार टक्के, श्रोतेहो! तीस वर्षे इमानाने पैसे भरले, खजिनदाराने एक रुपया इकडचा तिकडे केला नाही, हिशेबतपासनीसाने सही केली, आणि तरी शंभर रुपयांच्या कामाला चारच रुपये तयार आहेत.

मी म्हणालो की यात काही गमावण्यासारखे आहे, ते हे. वर्गात या उत्तरापाशी शांतता पसरावी. कोणी म्हणेल, 'सर, गणित चुकले असेल.' मग दुसऱ्या गटाकडून तपासून घ्यावे. चुकलेले नसते. मग मुलेच विचारू लागतात: किमान पाव टक्का म्हणजे त्याहून जास्त ठेवता येतो ना? मग किती ठेवावा? निम्मा खर्च तरी निघावा असे म्हटले तर दर किती पडेल? हिशेब सांगतो, पाव टक्क्याच्या बारापट, म्हणजे जवळजवळ तीन टक्के. अडीचशेचे वर्षाला तीन हजार झाले. निवृत्त माणसाला ते परवडतील का? तळमजल्यावरचा आणि चौथ्या मजल्यावरचा यांनी सारखेच भरावे काय? दर वर्षी तेवढीच रक्कम भरण्याऐवजी वर्षागणिक थोडी वाढवत नेली तर? या एकेका प्रश्नात महिनाभराचे गणित दडलेले आहे, आणि एकही प्रश्न शिक्षकाने बाहेरून आणलेला नाही.

ज्या मुलाने हा हिशेब एकदा तीन मित्रांबरोबर बसून केला, तो पुढे सोसायटीच्या वार्षिक सभेत जाईल तेव्हा चहाबिस्किटे येईपर्यंत हात वर करून मोकळा होणार नाही. आपल्याकडे सहकारी संस्थांचा कायदा १९६०चा आहे. आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते, सभासदांपुढे हिशेब ठेवावा लागतो. कायद्याने हिशेब समोर ठेवला. तो वाचता येणे हे मात्र कायदा देऊ शकत नाही. ते शाळा-कॉलेजने द्यावयाचे असते. ज्या सभासदाला ताळेबंद वाचता येत नाही त्याचे मत दुसऱ्याच्याच खिशात असते, मग संस्था मुंबईची असो की माणदेशातली.

म्हणून आता खेड्याकडे वळू. कोणी म्हणेल, आमच्याकडे सोसायटी म्हणजे विविध कार्यकारी सेवा संस्था. तिथे कसला सिंकिंग फंड? मी म्हणतो, तुमच्याकडे तर गणिताची खाणच आहे. पीककर्जाचे व्याज आहे. दुधाचे फॅट आणि भाव यांचा तक्ता आहे. उसाची उचल आणि अंतिम भाव आहे. १९५०च्या सुमारास प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील शेतकऱ्यांना घेऊन सहकारी साखर कारखाना उभा करीत होते, तेव्हा त्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले ते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. शेतकरी आणि अर्थशास्त्राचा पंडित एकाच कागदावर वाकून बसले, तेव्हा ते काम झाले. आपल्या वर्गातला चौघांचा गट म्हणजे त्याच बैठकीची लहानशी आवृत्ती समजा.

एक गावाकडचे उदाहरण देतो. महिलांचा बचत गट मसाल्याची पाकिटे करतो. एका पाकिटाला खर्च ६० रुपये. बाजारात चौकशी केल्यावर असे दिसले की भाव शंभर ठेवला तर महिन्याला २०० पाकिटे जातात, आणि भाव रुपयाने वाढवला की चार पाकिटे कमी खपतात. भाव काय ठेवावा? शंभराला ठेवला तर पाकिटामागे चाळीस सुटतात, दोनशे पाकिटांचे आठ हजार. एकशे दहा केला तर पन्नास सुटतात, पण पाकिटे एकशे साठच. पुन्हा आठ हजारच. मधे एकशे पाच करून पाहा. पंचेचाळीस सुटतात, पाकिटे एकशे ऐंशी, नफा ८,१००. एकशे पाचच्या अलीकडेही कमी, पलीकडेही कमी. डोंगर चढताना शिखरावर पोचलो की चढ संपतो आणि उतार अजून लागलेला नसतो. त्या जागी चढ शून्य. कॉलेजात ज्याला विकलज म्हणतात, तो हा चढ. 'विकलज शून्य घ्या' हे वाक्य ज्यांनी घोकले त्यांना मी विचारतो, ते शून्य म्हणजे काय हे मसाल्याच्या पाकिटाइतके स्पष्ट कधी कळले होते का? आणि इथेही गट हवाच. रुपयामागे चार पाकिटे कमी होतात, हा आकडा कोठून आला? तो पुस्तकात नाही. दोघांनी बाजारात जाऊन विचारावयाचा, दोघांनी मांडावयाचा, आणि आकडा चारऐवजी सहा निघाला तर उत्तर किती हलते तेही पाहावयाचे.

मोठी गणितेसुद्धा अशा साध्या प्रश्नांतून जन्माला आली आहेत. १९३९च्या सुमारास लेनिनग्राडमधल्या प्लायवुडच्या कारखानदारीने लिओनिद कांतोरोविच या तरुण गणितज्ञाला विचारले, की आमच्याकडची यंत्रे आणि लाकडाचे प्रकार यांची सांगड कशी घातली म्हणजे जास्तीत जास्त काम निघेल? त्या प्रश्नातून जे गणित निघाले ते आज लिनिअर प्रोग्रामिंग म्हणून कॉलेजात शिकवतात. आणि कांतोरोविच यांना १९७५ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. यंत्रे आणि लाकूड यांच्या जागी आपल्याकडे सरकी पेंड, मका आणि कडबा घाला. जनावराला पोषण पुरेसे मिळून खर्च कमीत कमी कसा येईल, हा अगदी त्याच घराण्यातला प्रश्न आहे.

आता गटाविषयी. एकत्र बसवले म्हणजे एकत्र शिकतात असे नाही. चौघांत एक हुशार असतो, तो लिहितो. एक त्याच्या वहीत डोकावतो. उरलेले दोघे खिडकीबाहेर पाहतात. हे टाळावयाचे असेल तर काही साधे नियम पाळावेत. पहिला, प्रश्न असा असावा की एकट्याला पुरा पडू नये. आकडे जमवणे, मांडणे, सोडवणे, तपासणे अशी चार कामे त्यात असावीत, आणि दर आठवड्याला कामे फिरती ठेवावीत. दुसरा, उत्तर कोणी सांगावयाचे हे गटाने ठरवू नये. शिक्षकाने चिठ्ठी काढावी. मग हुशार मुलालाच घाई होते, की शेजाऱ्याला समजले पाहिजे. तिसरा, आठवड्याच्या शेवटी दहा मिनिटांची चाचणी एकेकट्याने द्यावयाची. गटाने शिकावे, पण कळले की नाही याची परीक्षा प्रत्येकाची वेगळी. आणि चौथा, कोणाच्याही घरचे बिल, कर्ज किंवा थकबाकी वर्गात नावानिशी आणू नये. नावे खोडून आकडे घ्यावेत. गणितासाठी शेजाऱ्याची अब्रू खर्ची घालणे बरे नव्हे.

याचा उपयोग होतो का, असे विचाराल तर अनुभव आहे, आणि मोजमापही आहे. अमेरिकेत बर्कली येथील विद्यापीठात १९७०च्या दशकात यूरी ट्राइझमन या गणितशिक्षकाने पाहिले, की कॅल्क्युलसच्या विषयात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने मागे पडतात. लोक म्हणत, त्यांची तयारी कमी, घरची परिस्थिती अशी, मन लागत नाही. ट्राइझमन त्यांच्या खोल्यांवर गेले, त्यांचा अभ्यास जवळून पाहिला. मुले कष्टाळू होती. पण एकेकटी बसत. उलट चिनी वंशाचे विद्यार्थी आपापला अभ्यास करून मग एकत्र जमत, एकमेकांची उत्तरे तपासत, वाद घालत. मग ट्राइझमन यांनी कठीण प्रश्नांवर एकत्र बसून काम करण्याचे वर्ग काढले, आणि तीच मुले चांगल्या गुणांनी पुढे आली. पुढे २०१४ साली स्कॉट फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांतले २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे प्रमाण शंभरात सुमारे चौतीस होते. विद्यार्थी स्वतः काम करीत होते अशा वर्गांत ते बावीसच्या आसपास आले. शंभरांतली ती बारा मुले आपल्या गावातलीही असू शकतात.

यावर शिक्षकांचे आक्षेप मला ठाऊक आहेत. 'अभ्यासक्रम पुरा होत नाही.' खरे आहे. सगळेच तास असे घेऊ नयेत. चार तासांत एक घ्यावा. उरलेले तीन नेहमीसारखे शिकवावेत, सराव करून घ्यावा. सूत्र हाताखालून गेल्याशिवाय बसत नाही. 'वर्गात शंभर मुले आहेत, गट कसे पाडणार?' पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागे वळावे, गट झाला. 'परीक्षेत असे प्रश्न येत नाहीत.' न येवोत. वार्षिकीचे सूत्र ज्याला सोसायटीच्या फंडावरून कळले, त्याला परीक्षेतले उदाहरण अवघड जाणार नाही. आणि एक आक्षेप मी स्वतःच घेतो. सगळे गणित व्यापारासाठी नाही. संख्यांचा स्वतःचा एक आनंद आहे, आणि तो मुलांना दाखवला नाही तर आपण त्यांना अर्धेच गणित दिले असे होईल. पण ज्या मुलाला गणिताचे भय वाटते त्याला त्या आनंदाच्या दारापर्यंत हात धरून न्यावे लागते, आणि ओळखीच्या रस्त्याने नेलेले बरे. बाजाराचा रस्ता त्याच्या ओळखीचा आहे.

तेव्हा शिक्षकांना माझी एकच विनंती आहे. येत्या महिन्यात एक तास मोकळा काढा. आपल्या गावच्या संस्थेचा छापील वार्षिक अहवाल मिळवा. दूध संस्था असो, पतसंस्था असो, सेवा संस्था असो. त्यातले एक पान चार-चार मुलांच्या हाती द्या आणि एवढेच विचारा: 'या पानावरून तुम्हाला संस्थेला कोणता प्रश्न विचारावासा वाटतो, आणि त्याचे उत्तर काढायला कोणते गणित लागेल?' यंत्र लागत नाही, संगणक लागत नाही. कागद, पेन्सिल आणि चार डोकी लागतात.

आणि श्रोतेहो, तुमच्या घरात कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर आज रात्री जेवण झाल्यावर सोसायटीचे बिल किंवा कर्जाचे पासबुक त्यांच्यापुढे ठेवा आणि म्हणा, 'बाळा, हे जरा मला समजावून सांग.' त्यांना आले तर तुम्हाला कळेल. नाही आले तर दोघे मिळून बसा. चारकोपची ती इमारत तीस वर्षांनी कशाच्या आधारावर उभी राहणार, याचे उत्तर शेवटी अशा बसण्यातूनच निघणार आहे.